हरकतीची मुदत

जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर चाकसू हे गाव लागते. जुन्या लेखांत त्याचे नाव चाटसू असे येते. गुहिल घराण्याच्या एका शाखेचे हे ठाणे होते आणि त्या घराण्यातील बालादित्याचा शिलालेख येथेच सापडला. परंतु राजस्थानात आज चाकसूचे नाव निघते ते या विस्मृत राजांमुळे नव्हे. गावाजवळ शील की डूंगरी नावाची टेकडी आहे आणि त्या टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र कृष्ण अष्टमीला, म्हणजे आपल्या पंचांगातील फाल्गुन वद्य अष्टमीला, तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी घरोघर चूल पेटवीत नाहीत. आदल्या रात्री रांधलेले थंड अन्न, राबडी, पुवे, भजी, देवीला दाखवावयाचे आणि तेच प्रसाद म्हणून खावयाचे. या व्रताला तिकडे बासोडा म्हणतात. श्रावणातील आपल्या शिळासप्तमीचे हे थोरले भावंडच म्हणावयास हरकत नाही.

शीतला ही देवी रोगाची. तिचे वाहन गाढव, हातात केरसुणी आणि कलश, मस्तकावर सूप. ती ज्याच्या अंगी आली त्याला ज्वर येई, अंगभर फोड उठत, आणि तो वाचलाच तर तोंडावर वण घेऊन किंवा डोळे गमावून वाचे. मराठीने तर देवी आणि रोग यांत अंतरच ठेवले नाही. मुलाला ‘देवी आल्या’ असेच आपल्याकडे म्हणत. आणि गावोगाव हिंडून लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला ‘देवीडॉक्टर’ हे विलक्षण नाव मिळाले. ज्याच्याशी देवीचे वैर, त्यालाच तिचे नाव! चाकसूच्या देवळाचा संबंध जयपूरच्या महाराजा माधोसिंहांशी जोडला जातो; राजपुत्रांना देवी आल्या, त्या देवीच्या कृपेने बऱ्या झाल्या, म्हणून हे बांधकाम झाले, असे तेथे सांगतात. राजवाड्यातील बापाला आणि कुंभारवाड्यातील आईला या एका बाबतीत सारखेच भय होते.

या यात्रेचे आणखी एक अंग आहे. निरनिराळ्या ज्ञातींच्या पंचायती तेथे बसतात, तंटे तुटतात, सोयरिकी ठरतात. कोणत्या गावी काय घडले, कोणाचे मूल कशाने गेले, सरकारने नवे काय काढले, याची चर्चाही अशाच जागी होते. लोकमत नावाची जी वस्तू आपण वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत शोधतो, तिचा बराच मोठा भाग अशा टेकड्यांच्या पायथ्याशी तयार होत आला आहे. त्याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

हे आज आठवण्याचे कारण वेगळेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता नावाची एक नवी शक्ती सध्या माणसाच्या घरात शिरली आहे आणि तिला लगाम कोणी, कसा घालावा, याविषयी जगभर सरकारे लोकांचे मत मागवीत आहेत. युरोपीय संघाने २०२४ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी यंत्राने रचलेल्या चित्रांवर आणि आवाजांवर तशी खूण असावी, अशा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि हरकती व सूचना पाठविण्यास आरंभी ६ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. म्हणजे पंधरा दिवस. ‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याला इतिहास असेल असे मनातही येत नाही. तो इतिहास ज्या काही जुन्या कायद्यांतून जातो, त्यांपैकी एक देवी टोचण्याचा आहे.

इंग्लंडात जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीची लस शोधली. ती हिंदुस्थानात पोहोचावयास सहा वर्षे लागली. वाटेतील उन्हाने लस निकामी होई. म्हणून ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी जिवंत साखळीने न्यावी लागे. बगदाद, बसरा या मार्गाने ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी आना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर उतरली. हिंदुस्थानात टोचलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे इतर मुलांना आणि इतर शहरांना गेली.

या पद्धतीतच पुढील शंभर वर्षांच्या भांडणाचे मूळ होते. दंडाची लस दंडाला द्यावयाची, तर ती कोणाच्या दंडाची, हा प्रश्न उठणारच. उच्चवर्णीय घरात कनिष्ठ मानलेल्या जातीच्या मुलाची लस चालत नसे. आणि ज्या गरीब मुलाच्या फोडातून लस काढून घेत, त्याच्या आईला वाटे की आपल्या लेकराचा जीवरसच हे लोक नेत आहेत. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तेव्हा जातीचा प्रश्न मावळला आणि गाईचा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावास लस तयार करणारी संस्था निघाली आणि मुंबई इलाख्यातील मुलांच्या दंडांवर तिची लस पोहोचू लागली. या हरकतींना त्या काळच्या सरकारी अहवालांत अज्ञान हे एकच नाव आहे. थोडे बारकाईने पाहिले तर त्यांतील काही हरकती अगदी व्यवहारी होत्या. दंडावरून दंडावर लस देताना दुसरे रोगही जात, हे पुढे डॉक्टरांनीच कबूल केले. त्या आईला शास्त्र कळत नव्हते हे खरे. पण तिचा संशय निराधार नव्हता.

शिवाय लस ही रिकाम्या जागी आली नव्हती. देवीच्या फोडातील द्रव घेऊन मुद्दाम सौम्य देवी आणण्याची विद्या या देशात आधीपासून होती. विशेषतः बंगाल आणि काशीकडे ती करणारे टीकादार पिढीजात होते. ते येत, शीतलेची पूजा होई, पथ्य सांगितले जाई, मगच टोचणी होई. तिच्यात धोका होता. टोचलेल्या माणसापासून खऱ्या देवीची साथ उठू शके. नव्या लसीचा धोका त्याहून पुष्कळच कमी. पण टीकादार हा घरचा माणूस होता आणि देवीडॉक्टर हा कचेरीचा. लोकांच्या लेखी हा फरक लहान नव्हता.

मुंबई शहरात १८७७ साली कायद्याने लस सक्तीची झाली आणि जुनी टोचणी बंद करण्यात आली. त्यानंतर १८७९ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अशाच एका व्यापक कायद्याचे विधेयक मांडले गेले. ते मांडणारे गृहस्थ सर सय्यद अहमद खान होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही. एका हिंदी सभासदाने आपल्याच लोकांवर सक्ती मागावी, याचे तेव्हाही नवल वाटले असेल. पण त्यांचा हिशेब सरळ होता. मुले दरवर्षी मरत होती आणि ती वाचविण्याचा उपाय हाताशी होता. विधेयक ९ जुलै १८८० रोजी कायदा झाले.

मात्र ते कायदा होऊन बाहेर आले ते मोठ्या जपून पावले टाकीत. १८५७ ला अवघी तेवीस वर्षे झाली होती; प्रजेच्या अंगाला आणि धर्माला हात लावताना सरकारचे मन कचरत असे. म्हणून हा कायदा साऱ्या देशावर एकदम लागू झाला नाही. तो ब्रिटिश मुलखातील नगरपालिका आणि छावण्या यांच्यापुरता. आणि नगरपालिकेतही आपोआप नव्हे. सभासदांनी सभा भरवून बहुमताने मागणी करावयाची, मग प्रांतिक सरकारने आपला मानस जाहीर करावयाचा, आणि त्या जाहिराव्यापासून सहा आठवड्यांच्या आत ज्या रहिवाशाची हरकत असेल त्याने ती लेखी पाठवावयाची. त्या हरकतींचा विचार करून मगच कायदा लागू व्हावयाचा. मुलांची वयेही अशीच सांभाळून घातली होती : मुलगा असेल तर चौदा वर्षांच्या आतील, मुलगी असेल तर आठ. मुलीचे वय इतके खाली का, हे निराळे सांगावयास नको. पडदा आणि बालविवाह यांना कायद्याने दुरूनच नमस्कार केला होता.

परकीय सरकारने प्रजेला सहा आठवडे दिले, ही गोष्ट लहान मानण्याचे कारण नाही. परंतु त्या कलमातील ‘लेखी’ हा एक शब्द पाहावा. १८८० साली स्त्रियांत लिहिता येणारी किती होती? आजारी मुलाच्या उशाशी बसणारी, लिंबाचा डहाळा फिरविणारी, देवी निघून जाईपर्यंत घरात फोडणी न देणारी जी बाई, जिच्या मांडीवरील मूल टोचावयाचे होते, तिची हरकत सहा आठवड्यांतच काय, सहा वर्षांतही कागदावर उतरणे शक्य नव्हते. हरकत घ्यावयाची ती तिच्या वतीने नगरपालिकेतील वकिलाने, सावकाराने, शास्त्रीबुवांनी. त्यांनी ती घेतली किंवा न घेतली. कायदा लागू झाला. तिने आपली हरकत तिला ठाऊक असलेल्या रीतीने नोंदविली. देवीडॉक्टर आला की मुलाला धान्याच्या कणगीमागे लपविले, नाही तर माहेरी धाडले. चाकसू तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. ते जयपूर संस्थानचे. तेथे सहा आठवड्यांचा प्रश्नच नव्हता. तेथील लोकमत होते ते अष्टमीच्या यात्रेत.

लेखी हरकतीला केवढे बळ येऊ शकते, याचे उदाहरण त्याच सुमारास इंग्लंडात घडत होते. तेथे १८५३ पासून लस सक्तीची होती आणि न टोचणाऱ्या बापाला दंड होई. लेस्टर शहराने याविरुद्ध बंडच पुकारले. १८८५ च्या मार्चमध्ये तेथे हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याने सात वर्षे साक्षी घेतल्या, आणि १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकाची हरकत मान्य केली : ज्याचे मन खरोखरच घेत नाही, त्याने मॅजिस्ट्रेटांची तशी खात्री पटवून सूट घ्यावी. तेथील विरोधक बहुधा मजूर आणि कारागीर होते. पण त्यांना लिहिता येत होते, मोर्चा काढता येत होता, आणि काहींना मतही देता येत होते. लसीविषयीचे त्यांचे मत चुकीचे होते असेच आजचे शास्त्र म्हणेल. तरी ते ऐकले गेले.

हिंदुस्थानात त्याच वेळी नेमके उलट घडले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हा कायदा अगदी थोड्या कलमांचा आहे. त्यात सभा नाही, जाहिरावा नाही, हरकतीची मुदत नाही. उलट सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही, असे अभय मात्र आहे. पुण्यास रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली. पुढचा इतिहास मराठी माणसाला सांगावयास नको. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि ‘केसरी’तील लिखाणासाठी टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या प्रकरणात एक गोष्ट सहसा झाकली जाते. पुणेकरांचे मत प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध नव्हते. रोग्याला निराळे ठेवणे, घर स्वच्छ करणे या उपायांना ‘केसरी’ने आरंभी विरोध केला नव्हता, टिळकांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडण्यात भाग घेतला. हरकत होती ती रीतीला : देवघरात बूट घालून शिरण्याला, बायकामाणसांना रस्त्यावर तपासण्याला, दाद मागण्याची सोय नसण्याला. सरकारने ही हरकत उपायावरची समजली. नियमाला विरोध आणि नियम बजावण्याच्या रीतीला विरोध यांत फरक करणे राज्यकर्त्यांना जड जाते, कारण दोन्ही विरोधांचा आवाज दुरून सारखाच ऐकू येतो. मुंबईत १८९८ च्या मार्चमध्ये दंगा झाला आणि त्यानंतर सरकारचा हात सैल पडला. हाफकीन यांची प्लेगची लस, जी त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, ती पुढे लोकांच्या खुशीवरच ठेवण्यात आली. खुशीने घेणारे लाखांनी निघाले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे त्याच लसीच्या एका बाटलीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकीन निर्दोष असल्याचे ठरावयास १९०७ साल उजाडले. लोक भीत होते ते अगदीच उगाच नव्हे.

स्वराज्य आल्यावर देवीडॉक्टर आपल्या सरकारचा झाला. १९६२ साली देवीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. टोचलेल्यांचे आकडे कोटींनी वाढले, पण रोग हटेना. कारण आकडे भरत होते ते सहज सापडणाऱ्यांचे. शाळेतील मुले पुन्हा पुन्हा टोचली जात. लपलेली मुले लपलेलीच राहत. तेव्हा १९७३ पासून रीत बदलली. सर्वांना टोचण्याऐवजी रोगी कोठे आहे ते शोधावयाचे आणि त्याच्याभोवती टोचावयाचे. आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड घेऊन शाळांत, बाजारांत, घरोघर हिंडू लागले : “असे मूल कोठे पाहिले का?” रोगी दाखविणाऱ्यास बक्षीस ठरले; ते वाढत वाढत १,००० रुपयांवर गेले. सरकार शंभर वर्षांत प्रथमच आठवडेबाजारात जाऊन प्रश्न विचारीत होते आणि उत्तर तोंडी चालत होते. १९७४ साली देशात देवीचे १,८८,००३ रोगी नोंदले गेले होते. १९७५ च्या मे महिन्यानंतर एकही नाही. १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला, आणि मे १९८० मध्ये सारे जग.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. मोहिमेतील एक अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी सिंहभूमच्या हो आदिवासींमधील एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका गावातील प्रमुखाने लस घेण्यास नकार दिला होता. रात्री पथक त्याच्या घरात शिरले. तो झुंजला, त्याची बायको झुंजली. त्यांना धरून टोचण्यात आले. सारे आटोपल्यावर त्या माणसाने परसातील काकडी तोडून डॉक्टरांपुढे ठेवली. रोग द्यावा की न द्यावा हे देवाने ठरवावयाचे, आणि त्यात लुडबूड करणाऱ्याला अडविणे हा त्याचा धर्म होता. तो धर्म त्याने पाळला होता. आता आलेली माणसे पाहुणे होती आणि पाहुण्याला खाऊ घालणे हाही धर्मच. साऱ्या मोहिमेत याहून स्पष्ट शब्दांत कोणी हरकत नोंदविली असेल असे वाटत नाही. ती कोणत्याही कचेरीच्या आवक-बारनिशीत नाही. आणि हेही खरे की त्या रात्री त्याचे ऐकून पथक परत फिरले असते, तर त्या गावातील मुलांवरचा धोका तसाच राहिला असता. या दोन सत्यांची तडजोड ब्रिलियंट यांनाही साधलेली दिसत नाही.

लस आणि यंत्राची बुद्धी यांत साम्य आहे तसा भेदही आहे. लस सरकारला पोहोचवावयाची होती. यंत्राच्या बुद्धीला त्याला आवर घालावयाचा आहे. निदान असे सरकारे म्हणतात. वस्तुतः सरकार स्वतःही तिचा वापर करते. २०२५ च्या जुलैपासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी आईचा चेहरा यंत्राने ओळखावा, अशी अट आहे. अंगणवाडीसेविकेच्या फोनसमोर पदर सारून उभी राहणारी ही बाई आणि कणगीमागे मूल लपविणारी ती बाई, यांच्यात पाच-सहा पिढ्यांचेच अंतर आहे. चेहरा जुळला नाही तर काय, ते छायाचित्र कोठे जाते, नकार दिला तर शिधा मिळेल का, याविषयी तिचे काही मत असणारच. भारत सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, असे त्यांत म्हटले. त्यापूर्वी मसुद्यावर मते मागविली होती, हे सरकारच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. अशा मसुद्यांवर मते पाठविणारे म्हणजे मुख्यतः कंपन्या, वकील, अभ्यासक संस्था आणि संगणकावर बसणारा शहरी वर्ग. त्यांच्या हरकती महत्त्वाच्या असतात, जशा १८८० च्या नगरपालिकेतील वकिलाच्या होत्या. आणि मुदत तेव्हा सहा आठवड्यांची होती.

याच राजस्थानात दुसऱ्या एका रीतीचाही प्रयोग झाला आहे. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामाचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ज्यांची नावे मजुरीच्या पटावर होती त्यांनीच ती खरी की खोटी ते उभे राहून सांगितले. लिहिता न येणाऱ्यांची साक्ष तेथे पुरावा ठरली. त्या सुनावण्यांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. राजस्थानचा कायदा २००० साली आला आणि देशाचा २००५ साली. यंत्राच्या बुद्धीविषयीचा एखादा मसुदा असा कोणत्या चावडीवर मोठ्याने वाचला गेला, तर त्यावर काय बोलले जाईल हे पाहण्याजोगे होईल.

शील की डूंगरीवरील यात्रा अजून भरते. देवीचा रोग पृथ्वीवरून जाऊन चार तपे उलटली; आता ज्या आया तेथे मुले घेऊन येतात त्यांनी देवीचा वण पाहिला असलाच तर आजीच्या तोंडावर. तरी आदल्या रात्री स्वयंपाक होतो, सकाळी चूल थंड असते, आणि टेकडीच्या पायऱ्यांवर पहाटेपासून रांग लागते. टोचलेल्या मुलांच्या आयाही त्या रांगेत असतात. त्यांनी लसही घेतली आणि देवीलाही सोडले नाही.